पाचोळा कुजतो की जातो?

गेल्या एपिसोडमध्ये मी एक वाक्य फार ठामपणे बोलून गेले: रुंद पानांच्या, पानगळीच्या जंगलात पान किती वेगानं कुजणार हे तीन गोष्टी ठरवतात. हवामान, पानाची घडण आणि कुजवणारे जीव. पुढच्याच मिनिटाला आपण बुरशीकडे वळलो आणि तो विषय तिथेच राहिला. नंतर रेकॉर्डिंग ऐकताना मी त्या वाक्यापाशी अडकले. ते चूक नाही. पाठ्यपुस्तकात आहे, माझ्या प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात आहे, ढोबळमानानं खरंही आहे. पण मी सध्या ज्या जंगलात काम करते तिथे ते पुरं पडत नाही. का पडत नाही हे मला दोन जुन्या पुस्तकांमुळे नीट कळलं. एक १८७६ चं जर्मन, दुसरं १८८३ चं मराठी. या लेखात त्या दोन पुस्तकांबद्दल आणि त्यांच्या शेजारी ठेवून आमच्या आजच्या पद्धतीबद्दल जरा परखडपणे बोलायचं आहे.

आधी ते तीन घटक

हवामानाचं काम समजायला सोपं. कुजण्याला ऊब आणि ओल दोन्ही एकाच वेळी लागतात. रोह्याजवळ माझं आजोळ आहे. तिथे घरामागचा पातेरा मे महिन्यात पायाखाली कुरकुरतो आणि दिवाळीपर्यंत त्यातलं बरंचसं ओळखू येईनासं होतं. पाऊस, बुरशी आणि वाळवी मिळून एका मोसमात काम उरकतात. इथे कायझर्सलाउटर्नला नोव्हेंबरात पडलेलं बीचचं पान पुढच्या नोव्हेंबरातही शिरांसकट हातात घेता येतं. त्याच्याखाली आदल्या वर्षीचं, त्याखाली त्याच्याही आदल्या वर्षीचं. १९७८ मध्ये मेंटेमायर या संशोधकानं दाखवलं, की एखाद्या ठिकाणच्या जमिनीतून आणि झाडांतून प्रत्यक्षात किती पाण्याची वाफ होते हा आकडा आणि पानातलं लिग्निन, एवढ्या दोन गोष्टींवरून कुजण्याचा वेग बऱ्यापैकी सांगता येतो.

दुसरा घटक पानाची घडण. लिग्निन म्हणजे वनस्पतीला ताठपणा देणारा चिवट पदार्थ. तो जास्त आणि नत्र कमी असेल तर पान हळू कुजतं. अ‍ॅश, एल्म, लिंडन यांची पानं भराभर जातात. बीच आणि ओकची रेंगाळतात. २००८ मध्ये कॉर्नवेल आणि सहकाऱ्यांनी ६६ प्रयोगांतल्या ८१८ प्रजातींची आकडेवारी एकत्र केली. प्रजातीप्रजातींमधला फरक आधी वाटत होता त्यापेक्षा खूप मोठा निघाला, हवामानामुळे पडणाऱ्या फरकापेक्षाही मोठा. इथे नत्राचा एक वाकडेपणाही लक्षात ठेवायला हवा. बाहेरून मिळणारं नत्र कुजण्याच्या सुरुवातीला वेग वाढवतं, पण शेवटच्या टप्प्यात, लिग्निन उरलेलं असताना, बऱ्याचदा तोच वेग कमी करतं. म्हणजे एकच घटक दोन टप्प्यांत उलटं वागतो.

तिसरा घटक जीव. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात डेन्मार्कच्या पी. ई. म्युलरनं बीचच्याच जंगलात जमिनीचे दोन प्रकार वेगळे केले. एकात गांडुळं पान खाली ओढून मातीत कालवतात, वर थर साचत नाही. त्याला त्यानं मुल म्हटलं. दुसऱ्यात गांडुळं नाहीत, बुरशी हळूहळू काम करते आणि पानांचा चामड्यासारखा थर मातीवर वेगळा पडून राहतो, तो मोर. झाड तेच, देश तोच, जमिनीचं वागणं मात्र दोन टोकांचं. म्युलरचं हे निरीक्षण मी विद्यार्थ्यांना शिकवते. ते माझ्या तीन घटकांच्या वाक्याला किती अडचणीत आणतं याकडे मात्र इतकी वर्षं माझं लक्ष नव्हतं.

पिशवीत काय दिसतं

हे सगळं आम्ही मोजतो ते जाळीच्या पिशवीनं. ठरावीक वजनाची वाळलेली पानं नायलॉनच्या पिशवीत भरायची, जंगलात ठेवायची, काही महिन्यांनी आणून पुन्हा वजन करायचं. १९५७ मध्ये बोकॉक आणि गिल्बर्ट या ब्रिटिश संशोधकांच्या लेखापासून ही पद्धत रुळली. त्या लेखाच्या शीर्षकात 'विघटन' हा शब्द नाही. 'पाचोळा नाहीसा होणं' असा शब्द आहे. मला तो जास्त प्रामाणिक वाटतो. पिशवीतून वजन गेलं एवढंच आपण बघतो. ते बुरशीनं खाल्लं, पाण्यानं धुतलं, की चुरा होऊन जाळीतून गळलं, हे वजनकाटा सांगत नाही. जाळीची भोकं एक-दोन मिलिमीटरची असतील तर मोठ्या गांडुळाला आत शिरताच येत नाही. म्हणजे जो जीव मुल आणि मोर यांतला फरक घडवतो, त्यालाच आपण प्रयोगाच्या दाराबाहेर ठेवतो.

१९६३ मध्ये ओल्सननं या घटत्या वजनाला एक साधं गणित दिलं. दर वर्षी उरलेल्याचा ठरावीक हिस्सा जातो असं मानायचं आणि त्या वेगाला 'के' म्हणायचं. 'के' ०.३ असेल तर वर्षाअखेर साधारण ७४ टक्के पान उरतं आणि निम्मं व्हायला सव्वादोन वर्षांच्या वर लागतात. सोपं, तुलनेला सोयीचं. २०१३ मध्ये तर एका गटानं बाजारातल्या चहाच्या पिशव्याच वापरायचं ठरवलं. एक ग्रीन टीची, एक रुइबॉसची, ९० दिवस जमिनीत पुरायची. शाळेतली मुलंही करू शकतात आणि जगभरातून आकडे आले. या पद्धतींची मी टिंगल करत नाही. पान एकच ठेवून जागा बदलल्या, जागा एकच ठेवून पान बदललं, तरच घटक वेगळे काढता येतात. पिशवी नसती तर मेंटेमायरही नसता आणि कॉर्नवेलही.

माझी हरकत वेगळी आहे. पिशवी असं गृहीत धरते की पान जिथे पडलं तिथेच राहणार. आणि जमीन जशी आहे तशी निसर्गानंच दिली आहे. कायझर्सलाउटर्नच्या दक्षिणेला ही दोन्ही गृहीतकं कोसळतात.

प्फेल्झरवाल्डची जमीन

शहराच्या दक्षिण टोकाला विद्यापीठ आहे आणि त्याच्या मागेच प्फेल्झरवाल्ड सुरू होतं. जर्मनीतल्या सर्वांत मोठ्या सलग जंगलांपैकी हे एक. १९९२ मध्ये युनेस्कोनं त्याला जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा दिला आणि १९९८ पासून सीमेपलीकडच्या फ्रान्समधल्या उत्तर व्होझसह ते एकत्र धरलं जातं. बीच, ओक, पाइन. खाली तांबडा वालुकाश्म, मुळातच चुना कमी असलेला. पहिल्या हिवाळ्यात मला हे जंगल आदिम वाटलं होतं. पिशव्या ठेवताना मी नोंदवहीत उतार, उंची, झाडाची जात, ओल, पीएच सगळं लिहिलं. दोन जागा अगदी जुळ्या होत्या. दोन्हीकडे बीच, पाऊस एकच, दगड एकच. पण एकीकडे पायाखाली माती लागत होती आणि दुसरीकडे स्पंजासारखा काळपट थर. मी याला जागोजागचा नैसर्गिक फरक समजून पुढे गेले.

एका वयस्क वनकर्मचाऱ्यानं तो थर बुटानं उकरून बघितला आणि सहज म्हणाला, इथला पाला पूर्वी गावानं नेलेला असणार. मी त्याला पुन्हा विचारलं. माझ्या नोंदवहीत या गोष्टीला रकाना नव्हता.

झालं होतं ते असं. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात या भागात माणसं वाढली, बटाटा आला, गुरं कुरणातून गोठ्यात आली. गोठ्यात गुरांखाली अंथरायला काहीतरी लागतं. पेंढा कमी, जो होता तो गुरांच्या पोटात जायचा. मग जंगलातला पाचोळा दाताळ्यानं ओढून आणायचा, गुरांखाली अंथरायचा, शेणामुतात भिजला की खत म्हणून बटाट्याच्या शेतात टाकायचा. जर्मनमध्ये या अंथरायच्या पाचोळ्याला श्ट्रॉय म्हणतात. १८१६ पासून हा प्रदेश बव्हेरियाच्या राज्यात होता आणि वनखात्याची नि गावांची या श्ट्रॉयवरून कायम जुंपलेली असे. लाकूड आणि पाला चोरल्याचे खटले तिथल्या गरिबांच्या रोजच्या आयुष्याचा भाग होते. काही ठिकाणी पाला नेणं विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालू होतं.

आता हे कुजण्याशी कसं जोडलेलं आहे ते बघा. झाडाच्या एकूण वजनात पानांचा वाटा लहान, पण चुना, पालाश, मॅग्नेशियम, स्फुरद, नत्र यांची दाटी लाकडापेक्षा पानांत कितीतरी जास्त. लाकूड शंभर वर्षांतून एकदा जातं, पान दर वर्षी गेलं. मुळातच चुना कमी असलेल्या जमिनीतून दर वर्षी चुना बाहेर. जमीन आम्ल होत गेली. आम्लता वाढली की खोल बिळं करणारी मोठी गांडुळं आधी जातात. पुढे पाला उचलणं थांबलं, पण पडलेलं पान खाली ओढायला कुणी उरलं नव्हतं. मग ते वरच साचत राहिलं. त्यात विसाव्या शतकातल्या आम्लवर्षेची भर पडली. १९८० च्या दशकापासून इथे जंगलावर हेलिकॉप्टरनं चुना टाकावा लागला. गंमत अशी, की ज्या जमिनीवरून पिढ्यान्‌पिढ्या पाला उचलला, तिथेच आज पाल्याचा जाड थर असू शकतो.

चुना आणि गांडुळं यांचा हा दुवा माझी कल्पना नाही. २००५ मध्ये राइश आणि सहकाऱ्यांनी पोलंडमध्ये एकाच जमिनीवर शेजारी शेजारी लावलेल्या १४ जातींच्या झाडांखाली हेच तपासलं. ज्या झाडांच्या पानांत कॅल्शियम जास्त, त्यांच्याखाली गांडुळं जास्त आणि वरचा थर लवकर मातीत मिसळतो. तिथे कॅल्शियम झाडाच्या जातीमुळे कमीजास्त झालं होतं. इथे ते दाताळ्यामुळे झालं असावं.

एबरमायरचा ताळेबंद

तर आता ते जर्मन पुस्तक. एर्न्स्ट एबरमायर हा बव्हेरियातला वनमृदाशास्त्रज्ञ. १८७६ मध्ये त्याचं वनपाचोळ्यावरचं मोठं पुस्तक बर्लिनमध्ये छापलं गेलं. नावाचा अर्थ साधारण असा: वनपाचोळ्याचं समग्र शास्त्र, वनसंवर्धनाच्या रासायनिक ताळेबंदाच्या दृष्टीनं. पुढे उपशीर्षकात, बव्हेरियाच्या शाही सरकारी जंगलांत केलेल्या तपासण्यांच्या आधारे. आमच्या क्षेत्रात कुणीही पानगळीच्या मोजमापाचा इतिहास लिहायला घेतला की सुरुवात इथून होते. आणि बहुतेक जण, माझ्यासकट, ते न वाचताच त्याचा संदर्भ देतात.

मला ते उघडावंसं वाटलं त्याला कारण एक ठिकाण होतं. एबरमायरनं १८६० च्या दशकाच्या अखेरीस बव्हेरियाभर वन-हवामान केंद्रांची जोडकेंद्रं उभारली होती, एक उघड्यावर आणि एक जंगलात. त्यांतलं एक योहानिसक्रॉइत्सला होतं. म्हणजे माझ्या पिशव्यांपासून फार लांब नाही. आज तिथे वनखात्याचं माहिती केंद्र आहे आणि रविवारी फिरायला येणाऱ्यांच्या गाड्या. त्या केंद्रांवर त्यानं हवेचं नि मातीचं तापमान मोजलं, बाष्पीभवन मोजलं, आणि पाचोळा असलेली जमीन नि पाचोळा काढलेली जमीन यांची तुलना केली. पाचोळ्याखालची जमीन पाणी कितीतरी कमी गमावते हे त्यानं आकड्यांत दाखवलं. ही १८७३ च्या पुस्तकातली गोष्ट. १८७६ च्या पुस्तकात त्यानं किती पाला पडतो, त्यात कुठली खनिजं असतात, आणि तो नेला तर जंगलाचं किती जातं, याचा हिशेब मांडला.

या पुस्तकाचं मोठेपण मला दोन गोष्टींत दिसतं. पहिली, पान जागेवर राहील असं ते गृहीत धरत नाही. पान उचललं जातं, हीच त्याची सुरुवात आहे. आमच्या पिशवीला जे दिसत नाही ते त्याला पहिल्या पानापासून दिसतं. दुसरी, ते पानाला एका वर्षाच्या वजनात मोजून थांबत नाही. बरीच वर्षं नेलं तर जमिनीचं काय होईल असा प्रश्न विचारतं. काळाची ही लांबी आमच्या दोन-तीन वर्षांच्या प्रकल्पांत बसत नाही.

पण ताळेबंद हा शब्द शीर्षकात आहे, आणि पुस्तकाची मर्यादाही तिथेच आहे. हा विचार लीबिगच्या शेतीरसायनातून आलेला. जमिनीतून जे नेलं ते परत द्या. न देता नेत राहणं म्हणजे लूट, जर्मनमध्ये राउब. एबरमायर हाच नियम जंगलाला लावतो. मात्र वही जंगलाची आहे. जे जंगलाबाहेर गेलं ते खर्चाच्या बाजूला. पलीकडे, बटाट्याच्या शेतात, तेच पालाश जमेला पडतं. पण ती वही दुसऱ्याची. शेतकऱ्याची गरज कितीही समजून घेतली तरी या वहीत तिला खर्चाच्या रकान्यातच जागा आहे. जंगल सरकारचं, तपासणी सरकारी जंगलातली, प्रश्न वनखात्याला पडलेला. त्यामुळे शास्त्र खरं असूनही त्याचा एक पक्ष तयार होतो. प्रत्येक आकडा दाताळं धरलेल्या माणसाविरुद्ध साक्ष देतो. ज्याच्याकडे जमीन कमी, पेंढा कमी आणि एकच गाय आहे त्याला ती साक्ष तपासता येत नाही.

फुल्यांचं सत्त्व

हे वाचताना मला 'शेतकऱ्याचा असूड' आठवलं. जोतीराव फुल्यांनी ते १८८३ मध्ये लिहून पूर्ण केलं, एबरमायरनंतर सात वर्षांनी. शाळेत आपण ते सावकार, भटशाही आणि इंग्रज सरकारी खाती यांच्याविरुद्धचं पुस्तक म्हणून वाचतो. ते तसं आहेच. पण त्यात पानं कुजण्याबद्दल एक स्पष्ट समज आहे आणि त्याकडे परिसंस्थेचे अभ्यासक म्हणून आपण क्वचितच बघतो. फुल्यांचं म्हणणं थोडक्यात असं: डोंगरावरच्या झाडागवताची पानंफुलं, मेलेले किडे, जनावरं कुजून त्यांचं सत्त्व तयार होतं. पावसानं ते वाहतं. ते ओढ्यानाल्यांतून वाया जाऊ नये म्हणून जागोजाग ताली, बंधारे घालावेत, म्हणजे पाणी शेतात मुरून मग पुढे जाईल. आणि वनखात्यानं डोंगर, टेकड्या, चराऊ राना बंद केल्यानं शेतकऱ्याची गुरंच उपाशी मरतात.

एबरमायर आणि फुले यांना एकमेकांची गंधवार्ता नसणार. पण दोघं एकाच पदार्थाबद्दल बोलतात. एबरमायरसाठी पान जंगलातून गेलं की नुकसान. फुल्यांसाठी जंगलातून शेतात येणारं सत्त्व हाच डोंगर आणि शेत यांच्यातला नैसर्गिक व्यवहार, आणि तो तोडणं हे नुकसान. एबरमायरची वही कुंपणाशी संपते, फुल्यांची कुंपणापलीकडून सुरू होते.

फुल्यांवरही टीका करायला हवी, नाहीतर हा लेख सोयीचा होईल. त्यांच्याकडे मोजमाप नाही. वर्षाला किती सत्त्व येतं, डोंगराला किती उरतं, हा प्रश्न ते विचारत नाहीत. डोंगर देतच राहील असा एक विश्वास त्यात आहे. आणि प्फेल्झरवाल्ड तर सांगतं की डोंगर अखेर रिकामा होऊ शकतो. पण एक मोठा फरक आहे. फुले कुजलेलं सत्त्व पावसाबरोबर खाली येऊ द्या म्हणतात. पान आधी डोंगरावर कुजतं, झाडाला त्याचा वाटा मिळतो, उरलेलं वाहतं. दाताळं न कुजलेलं पानच उचलून नेतं. जमिनीच्या दृष्टीनं या दोन गोष्टी सारख्या नाहीत. हे मला माझ्या जाळीच्या पिशवीनं कधी सुचवलं नसतं.

राब

फुल्यांच्या चित्रात बसत नाही अशी एक गोष्ट माझ्या आजोळची आहे. राब. भाताचं रोप तयार करायच्या तुकड्यावर शेण, तोडलेली कवळं, पातेरा, गवत असे थर रचायचे, वर माती पसरायची आणि उन्हाळ्यात भाजायचं. आजी होळीनंतर पातेरा गोळा करायला आम्हा मुलांना पिटाळायची. "झाडाखाली सगळं झाडू नकोस गो, थोडं ठेव," हेही तीच म्हणायची. का, ते कधी विचारलं नाही.

रसायनाच्या भाषेत राब म्हणजे कुजण्याला दिलेली बगल. बुरशीला लागणारे महिने तासाभरात उरकतात. राख जमिनीची आम्लता कमी करते, पालाश आणि चुना लगेच रोपाला मिळतात, तणाचं बी आणि किडे मरतात. नत्राचा मोठा भाग मात्र धुरात जातो. आणि ही सगळी खनिजं येतात ती भोवतालच्या ऐन, किंजळाच्या फांद्यांतून नि पातेऱ्यातून. म्हणजे तेच दाताळं, फक्त गोठ्याऐवजी आगीकडे.

इथेही खातं आणि गाव समोरासमोर आलं. १८७८ च्या वन कायद्यानंतर ठाणे-कुलाब्याच्या बाजूला राबाच्या कवळावरून इतकी ओरड झाली, की १८८५ मध्ये मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. त्या काळात हिंदुस्थानच्या वनखात्याचं सर्वोच्च पद, १८६४ पासून १९०० पर्यंत, ओळीनं तीन जर्मनांकडे होतं: ब्रांडिस, श्लिख, रिबेनट्रॉप. मी असं म्हणत नाही की एबरमायरचं पुस्तक ठाण्याच्या कचेरीत उघडं पडलं होतं. पण जंगलाची वही कुंपणाशी संपते ही शिकवण घेऊन आलेली माणसं तिथे बसली होती, एवढं नक्की. राब आणि राउब हे दोन शब्द कानाला इतके जवळ असावेत हा केवळ योगायोग. माझ्या डोक्यातून तो जात नाही.

मग चौथा घटक म्हणायचं का?

इथे एक हरकत येणारच, आणि ती रास्त आहे. पाला नेल्याचा परिणाम शेवटी कॅल्शियम, पीएच, गांडुळं यांतूनच होतो ना? मग ते मोजा, इतिहास कशाला? पान कुजवायला गांडूळ लागतं, १८४० सालचं दाताळं नव्हे.

एका पिशवीचा आकडा समजावून सांगायचा असेल तर हे बरोबर आहे. पण आपण आकड्यावर थांबत नाही, त्यावरून सल्ला देतो. तिथे कारण लागतं. आज जंगलातल्या जमिनीवरच्या थरातला कार्बन देशपातळीवर मोजला जातो. थर जाड असला की कार्बन साठला, म्हणजे चांगलं, असं वाचायचा मोह होतो. तो थर इथल्या थंडीमुळे, बीचच्या लिग्निनमुळे असेल तर एक गोष्ट. पण तो पिढ्यान्‌पिढ्या झालेल्या चुन्याच्या उपशामुळे, गांडुळं गेल्यामुळे असेल, तर ते आजारपणाचं लक्षण आपण बचत म्हणून नोंदवतो आहोत. शिवाय पाला नेणं थांबल्यानंतरची भरपाई त्यात असेल, तर ती वाढ कायम चालणार नाही, जुनं घेणं फिटेपर्यंतच चालेल. पीएचचा आकडा या दोन जमिनींसाठी एकच येऊ शकतो. चुना टाकायचा की हात लावायचा नाही, हे ठरवताना मात्र उत्तर वेगळं यायला हवं.

दुसरं असं की सरासरी हा फरक झाकते. २०१४ मध्ये ब्रॅडफर्ड आणि सहकाऱ्यांनी पूर्व अमेरिकेतल्या जंगलांत लाकूड कुजण्याचा अभ्यास केला. प्रत्येक जागेची सरासरी घेतली की हवामानच सगळं ठरवतं असं दिसायचं. सरासरी न घेता एकेक नमुना पाहिला तर बुरशी नि वाळवी यांसारखे अगदी स्थानिक घटक पुढे आले. मी माझ्या जुळ्या जागांची सरासरी घेणारच होते.

तेव्हा चौथा घटक असं नाव मी देणार नाही. नाव दिलं की तक्त्यात आणखी एक रकाना भरून आपण निवांत होतो. मला एवढंच म्हणायचं आहे की ते तीन घटक सुटे, निसर्गातून आयते आलेले नाहीत. कुठली पानं पडतात, कोणते जीव उरले, जमीन किती आम्ल, यांत माणसांनी काय नेलं, का नेलं आणि कुणी नेऊ दिलं नाही हे मुरलेलं आहे. एबरमायरला नेणं दिसलं पण नेणाऱ्याची अडचण त्याच्या वहीत मावली नाही. फुल्यांना अडचण दिसली पण डोंगराची शिल्लक त्यांनी मोजली नाही. आमच्या पिशवीला दोन्ही दिसत नाहीत, आणि ती तिघांत सगळ्यात तटस्थ समजली जाते.

माझ्यापुरता बदल छोटा आहे. नोंदवहीत पीएचच्या पुढे आता एक मोकळी जागा ठेवली आहे: इथून काय, केव्हापर्यंत, कुणी नेलं. बऱ्याचदा ती रिकामी राहते. मग जुने नकाशे, गावाच्या हक्कांच्या नोंदी, आणि सांगणारं कुणी भेटलं तर त्याचं म्हणणं. काही पिशव्या मोठ्या भोकांच्या जाळीच्या केल्या आहेत, गांडुळाला आत येता यावं म्हणून. आणि पुढच्या एपिसोडमध्ये ते वाक्य मी असं दुरुस्त करणार आहे: पान किती वेगानं कुजणार हे हवामान, पानाची घडण आणि कुजवणारे जीव ठरवतात, पण आधी विचारा, पान तिथे राहू दिलं होतं का.

आजीला फोनवर हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तेच तर सांगत होते, थोडं ठेव म्हणून."